बॉटच्या गाण्यांसाठी फुकट जागा



आपल्या रविवारच्या मराठी वर्गाची मुले आता फक्त डब्लिनची राहिलेली नाहीत. कोणी कॉर्कला राहते, कोणी गॉलवेला, कोणी थेट लेटरकेनीला. सगळ्यांना दर आठवड्याला वर्गात येणे जमत नाही. म्हणून रविवारी सायंकाळी एक तास डिस्कॉर्डवर जमायचे आणि गाणी, ओव्या, गोष्टी एकत्र ऐकायच्या असे ठरले. वरच्या वर्गातल्या मुलांनी त्यासाठी एक बॉटही तयार केला. आता त्यांचा प्रश्न असा, की गाणी वाजवणारा सर्व्हर फुकट कुठे ठेवता येईल? या अंकातला पाठ त्या प्रश्नावर आहे. पाठातले हिशेब मुलांनी वही-पेन्सिल घेऊन करावेत. अटींचा भाग पालकांनी शेजारी बसून वाचावा.

१. बॉट आणि गाण्यांचा सर्व्हर

गणपतीच्या मांडवात फर्माईशीच्या चिठ्ठ्या गोळा करणारा एक मुलगा असतो आणि लाऊडस्पीकरच्या यंत्रापाशी बसलेला दुसरा. चिठ्ठ्या घेणारा म्हणजे आपला बॉट. तो डिस्कॉर्डवर आलेला निरोप वाचतो, 'पुढचे गाणे लाव' म्हणजे काय ते समजून घेतो आणि मागे कळवतो. हे काम हलके आहे.

यंत्रापाशी बसलेला म्हणजे गाण्यांचा सर्व्हर. त्यासाठी लाव्हालिंक नावाचा प्रोग्रॅम बहुतेक जण वापरतात. तो फुकट मिळतो, त्याचा मूळ मजकूर सर्वांना वाचता येतो आणि तो जावावर चालतो. चौथ्या आवृत्तीला जावा १७ किंवा त्यापुढची लागते. लाव्हालिंक गाण्याची फाईल उघडतो, तिचे ओपस या पद्धतीत रूपांतर करतो आणि आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून डिस्कॉर्डकडे पाठवतो. एक तुकडा २० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे सेकंदाला ५० तुकडे आणि तासाला १,८०,०००. त्यातले काही वेळेवर पोहोचले नाहीत की आवाज अडखळतो. म्हणून हे काम जड, आणि जागा शोधायची ती मुख्यतः याच्यासाठी.

२. किती माहिती वाहते?

समजा, आपण गाणे सेकंदाला १२८ किलोबिट या वेगाने पाठवतो. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून हे झाले सेकंदाला १६ किलोबाइट. मिनिटाला ९६० किलोबाइट. तासाला ५७.६ मेगाबाइट, म्हणजे ५७.६ एमबी.

येथे पुष्कळ जण एक चूक करतात. ऐकणारी मुले तीस असतील तर हा आकडा तीसने गुणावा असे त्यांना वाटते. तसे नाही. आपला सर्व्हर एका खोलीसाठी एकच प्रवाह डिस्कॉर्डकडे पाठवतो आणि तो तीस जणांना वाटण्याचे काम डिस्कॉर्डची यंत्रे करतात. ऐकणारे पाच असोत की पन्नास, आपला खर्च तेवढाच.

आता महिन्याचा हिशेब. चार रविवार, प्रत्येकी एक तास, म्हणजे सुमारे २३० एमबी. पण हाच बॉट रात्रंदिवस गात राहिला, तर ३० दिवसांचे ७२० तास होतात आणि माहिती जाते जवळजवळ ४१.५ जीबी. हे दोन आकडे लक्षात ठेवा. जागा कोणती निवडायची ते यावरून ठरणार आहे.

३. फुकट जागांच्या तऱ्हा

पहिली तऱ्हा झोपणाऱ्या सर्व्हरची. रेंडर या कंपनीची मोफत सेवा घ्या. १५ मिनिटे बाहेरून कोणी हाक मारली नाही की ती झोपी जाते आणि पुन्हा उठायला मिनिटभर लागू शकते. महिन्याला ७५० तास मिळतात. ३१ दिवसांचे तास होतात ७४४, म्हणून एका कामाला महिना पुरतो. बॉट आणि लाव्हालिंक अशी दोन कामे दिवसरात्र चालवली, तर मात्र तास अर्ध्या महिन्यात संपतील. मेमरी ५१२ एमबी आहे आणि जावाला ती अपुरी पडू शकते. आणखी एक अट सर्वांत महत्त्वाची आहे. सेवा झोपली, उठली किंवा पुन्हा सुरू झाली की त्या यंत्रावर नंतर ठेवलेल्या फायली पुसल्या जातात. या अटीकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

दुसरी तऱ्हा कायमच्या लहान यंत्राची. गूगल क्लाऊड एक छोटे यंत्र मोफत देते, १ जीबी मेमरीचे. ते अमेरिकेतल्या ऑरेगन, आयोवा आणि साउथ कॅरोलिना या तीनच ठिकाणी मिळते. आयर्लंडपासून दूर आहे, पण गाणे ऐकण्यात संभाषणासारखी घाई नसते, म्हणून पाव सेकंदाचा उशीर कोणाला जाणवत नाही. अडचण दुसरी आहे. या योजनेत बाहेर जाणाऱ्या माहितीला महिन्याला १ जीबीची मर्यादा आहे. आपल्या हिशेबाने ते सुमारे १७ तास झाले. रविवारच्या चार तासांना हे भरपूर आहे. रात्रंदिवस गाणाऱ्या बॉटला मात्र एक दिवसही पुरणार नाही आणि त्यापुढे बिल सुरू होईल.

तिसरी तऱ्हा मोठ्या यंत्राची. ओरॅकलने २०२१ साली 'कायम मोफत' योजनेत ४ कोअर आणि २४ जीबी मेमरीपर्यंतचे यंत्र देऊ केले तेव्हा बॉट करणाऱ्या मुलांची तिकडे रीघ लागली. नोंदणीला बँकेचे कार्ड लागते आणि आपल्याला हव्या त्या विभागात जागा शिल्लक नसल्याचा निरोप पुष्कळांना येतो. शिवाय सात दिवस यंत्र जवळजवळ रिकामे राहिले, तर ते परत घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. आठवड्यातून एकच तास गाणारा आपला सर्व्हर त्यांच्या लेखी रिकामाच ठरेल.

चौथी तऱ्हा ठराविक मुदतीची. ॲमेझॉनच्या सेवेत पूर्वी नव्या खात्याला एक लहान यंत्र १२ महिने मोफत मिळे. १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना त्याऐवजी २०० डॉलरपर्यंतची जमा रक्कम मिळते आणि मोफत योजनेची मुदत सहा महिन्यांवर आली आहे. शिकण्यासाठी ही योजना उत्तम. मुदतीची तारीख मात्र घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

पाचवी तऱ्हा परक्याच्या सर्व्हरची. काही लोक आपला लाव्हालिंक सर्वांसाठी खुला ठेवतात. पत्ता आणि पासवर्ड जाहीर असतो. आपण फक्त तो भरायचा आणि गाणे सुरू. हे सर्वांत सोपे आहे, पण मुलांच्या वर्गाला योग्य नाही. गाणे वाजवण्यासाठी आपला बॉट त्या सर्व्हरला आवाजाच्या खोलीची तात्पुरती चावी देतो. ही चावी ज्याच्या हाती, तो आपल्या बॉटच्या नावाने त्या खोलीत हवा तो आवाज सोडू शकतो. बहुतेक जण सज्जन असतील. तरीही ज्या घराचा मालक आपल्याला माहीत नाही, त्या घराच्या दारात मुलांना बसवू नये.

४. 'फुकट' म्हणजे कोणाच्या खर्चाने?

क्लाऊड म्हणजे ढग, पण ही यंत्रे आकाशात नाहीत. ती मोठ्या इमारतींत ओळीने रचलेली असतात, आणि अशा कित्येक इमारती आपल्या डब्लिनच्या पश्चिमेला आहेत. ॲमेझॉनने २००७ साली अमेरिकेबाहेरचे आपले पहिले क्लाऊड केंद्र आयर्लंडमध्ये सुरू केले. मायक्रोसॉफ्टचे ग्रँज कॅसल येथील केंद्र २००९ साली उघडले. आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशात मीटरवर मोजल्या गेलेल्या विजेपैकी २०१५ साली ५ टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली. २०२४ साली हे प्रमाण २२ टक्के होते.

सांगायचे एवढेच, की फुकट सर्व्हरलाही वीज लागते, जागा लागते, रात्री लक्ष ठेवणारी माणसे लागतात. तो खर्च कंपनी करते, कारण आज फुकट वापरणारा उद्या पैसे देईल अशी तिची आशा असते. आशा फळली नाही की योजना बंद होते. हेरोकू या सेवेवर अनेक मुलांनी आपला पहिला बॉट चालवला. तिची मोफत योजना २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. ग्लिच या सेवेने ८ जुलै २०२५ रोजी लोकांचे प्रकल्प चालवणे थांबवले. दोघांनीही आधी सूचना दिली होती. कंपनीने अमुक वर्षे फुकट द्यावे असे कोणतेही वचन नव्हते, तेव्हा रागावण्यासारखे त्यात काही नाही. पूर्वी यात्रेला निघालेला माणूस धर्मशाळेत रात्रीपुरता उतरे, पण घरची धान्याची कणगी तेथे नेऊन ठेवत नसे. आपणही तेवढेच धोरण ठेवावे.

५. चोविसावी ओवी

हे धोरण नुसते सांगण्यापुरते नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मुलांनी गावी जाऊन आजी-आजोबांच्या आवाजात चोवीस ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. एका विद्यार्थिनीने त्या सगळ्या गोळा करून एका मोफत सर्व्हरवर चढवल्या आणि बॉट दोन रविवार छान गायला. तिसऱ्या रविवारी बॉट हजर होता, पण गाणी नव्हती. मधल्या काळात सेवा पुन्हा सुरू झाली आणि वर सांगितलेल्या अटीप्रमाणे फायली पुसल्या गेल्या. दोष त्या मुलीचा नाही. अशी अट बारीक अक्षरांत असते आणि प्रोग्रॅम नीट चालला असता तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिने पुढचे चार दिवस घरोघरी फोन केले आणि कोणाच्या जुन्या फोनमधून, कोणाच्या व्हॉट्सॲपमधून तेवीस ओव्या परत मिळवल्या. चोविसाव्या ओवीची दुसरी प्रत सापडली नाही. ती गाणाऱ्या आजी आता हयात नाहीत.

म्हणून हा नियम सर्वांनी वहीत लिहून घ्यावा. सर्व्हरवर नेहमी प्रत ठेवायची, मूळ फाईल कधीच नाही. मूळ फाईल घरच्या संगणकावर, दुसरी पेन ड्राइव्हवर आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. तीन-तीन मिनिटांच्या वीस ओव्या मिळून एक तास होतो आणि आपल्याच हिशेबाने त्या ५७.६ एमबीत मावतात. सर्वांत स्वस्त पेन ड्राइव्हवरही अशा शेकडो ओव्या बसतील.

हे काम किती मोलाचे आहे ते महाराष्ट्रातल्या एका उदाहरणावरून कळेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या म्हणण्याचे निमित्तच संपत चालले, त्या काळातले हे काम आहे. पुढे हा संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आला आणि २०१७ पासून तेथे ओव्या शब्द, आवाज आणि भाषांतरासह प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. आपणही प्रत्येक फाईलला तसेच नाव द्यावे: कोणी गायली, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला.

६. कोणती गाणी वाजवावीत?

ग्रूव्ही आणि रिदम हे दोन बॉट एकेकाळी लाखो ठिकाणी यूट्यूबवरची गाणी वाजवत असत. यूट्यूबच्या कायदेशीर नोटिशीनंतर ग्रूव्ही ३० ऑगस्ट २०२१ रोजी आणि रिदम १५ सप्टेंबर २०२१ रोजी बंद झाला. तेव्हा आपला बॉट त्या वाटेने नेऊ नये. तुकाराम महाराजांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत, पण एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रिका त्याची आणि तिच्या प्रकाशकाची असते. युरोपात अशा मुद्रणाला प्रकाशनापासून ७० वर्षे संरक्षण मिळते. आपल्या मुलांनी म्हटलेले श्लोक आणि आजींनी परवानगी देऊन गायलेल्या ओव्या यांना अशी अडचण नाही. लाव्हालिंक आपल्या यंत्रावरच्या फायली वाजवू शकतो. ती सोय मुळात बंद असते, सेटिंगच्या फाईलमध्ये ती चालू करावी लागते.

७. आपल्या वर्गासाठी कोणती जागा?

आता सगळे एकत्र मांडू. आपल्याला आठवड्यातून एकच तास हवा आहे. फायली आपल्याच आहेत आणि त्या घरी आहेत. मग सर्व्हर तरी बाहेर कशाला?

माझे उत्तर असे आहे: एका पालकाच्या लॅपटॉपवर बॉट आणि लाव्हालिंक दोन्ही चालवावेत. पुष्कळांना वाटते की घरी सर्व्हर चालवायचा तर राउटरमध्ये दार उघडावे लागेल. येथे त्याची गरज नाही. बॉट स्वतः बाहेर जाऊन डिस्कॉर्डशी बोलतो, लाव्हालिंकही आवाज बाहेर पाठवतो आणि ते दोघे एकमेकांशी त्याच यंत्राच्या आत बोलतात. बाहेरून आत कोणी यावे लागत नाही. तासाला ५७.६ एमबी पाठवणे घरच्या साध्या ब्रॉडबँडलाही जड नाही.

विजेचा खर्च पाहू. लॅपटॉप ४० वॅट घेतो असे धरा. वर्षाचे ५२ तास म्हणजे २.०८ युनिट. एका युनिटला ३५ सेंट धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे ७३ सेंट. यापेक्षा स्वस्त 'फुकट' जागा मिळणे कठीण आहे. पुढे रोज ऐकायची सोय हवी झाली, तर १० वॅटचा छोटा संगणक वर्षभर चालू ठेवायला ८७.६ युनिट लागतील, म्हणजे सुमारे ३० युरो ६६ सेंट. ती वर्गणी सगळ्या पालकांत वाटली तर कोणालाही जड होणार नाही.

ज्या मुलांना क्लाऊड शिकायचे आहे त्यांनी वरच्या मोफत जागा जरूर वापराव्यात. त्यातून पुष्कळ शिकता येते. फक्त सेटिंगची फाईल आणि गाण्यांची यादी घरी ठेवावी, म्हणजे एक जागा बंद झाली तर एका सायंकाळी दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येईल.

८. पालकांसाठी चार सूचना

एक. डिस्कॉर्डच्या नियमाप्रमाणे आपल्या देशासाठी ठरलेल्या किमान वयाखालील मुलांना खाते उघडता येत नाही. लहान मुलांनी आई-बाबांच्या खात्यावरून, त्यांच्या शेजारी बसून ऐकावे.

दोन. बॉटचे टोकन म्हणजे त्याच्या घराची किल्ली. ते कोणाला दाखवू नये आणि इंटरनेटवर ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये कधीही लिहू नये.

तीन. लाव्हालिंकच्या नमुना फाईलमधला पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी तो बदलावा. क्लाऊडवर ठेवणार असाल, तर २३३३ हे त्याचे नेहमीचे दार सर्वांसाठी उघडे ठेवू नये.

चार. कार्ड द्यावे लागणाऱ्या ठिकाणी खर्चाची सूचना आधी लावून घ्यावी, आणि नोंदणीच्या दिवशी अटी स्वतः वाचाव्यात. या अटी वरचेवर बदलतात.

स्वाध्याय

१. सेकंदाला ९६ किलोबिट या वेगाने दोन तास गाणी वाजवली, तर किती एमबी माहिती जाईल?
२. महिन्याला ७५० तास मिळतात. दोन कामे दिवसरात्र चालवली, तर तास कितव्या दिवशी संपतील?
३. ५० वॅटचा संगणक दर रविवारी दोन तास चालवला, तर वर्षाला किती युनिट वीज लागेल?
४. या आठवड्यात आजी किंवा आजोबांना फोन करून एक ओवी, श्लोक किंवा अंगाई रेकॉर्ड करा. परवानगी आधी विचारा. फाईलला नाव, गाव आणि तारीख द्या. तीन ठिकाणी प्रती ठेवा आणि पुढच्या रविवारी त्या कोठे ठेवल्या ते सांगा.

उत्तरे : (१) ८६.४ एमबी. (२) सोळाव्या दिवशी. (३) ५.२ युनिट.

शब्दार्थ

फर्माईश – आपल्या आवडीचे गाणे लावण्याची विनंती.
ओवी – जात्यावर दळताना बायका म्हणत ते गाणे. जुना मराठी छंद.
जाते – धान्य दळण्याचे दगडी साधन.
कणगी – धान्य साठवण्यासाठी बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली.
धर्मशाळा – वाटसरूंना फुकट उतरण्यासाठी बांधलेली जागा.
बिऱ्हाड – राहण्याची जागा आणि तेथले सामानसुमान.